तुर्कस्तानात शिरा कधी करतात?

परदेशाच्या प्रवासाला निघालेल्या मराठी कुटुंबाची एक बॅग नेहमी खाण्याची असते. चिवडा, चकल्या, मेथीचे ठेपले, लोणच्याची बाटली, आणि "असू द्या, लागेल" म्हणून वर ठेवलेला लाडवांचा डबा! शाकाहारी मंडळींना तर मोठीच धास्ती. तिथे काय मिळेल, कशात काय घातलेलं असेल, कोण जाणे! त्यातून पुष्कळशा सहलींत रोज रात्री 'भारतीय जेवण' असतं. म्हणजे इस्तंबूलला बसून पनीर बटर मसाला खायचा आणि परत यायचं.

मैत्रिणींनो, तुर्कस्तानला जायचा योग आला तर ही बॅग अर्धीच भरा. एक तर येताना जागा लागेल. आणि दुसरं म्हणजे तिथलं खाणं, विशेषतः गोडधोड, आपल्याला फारसं परकं वाटतच नाही. चुलत बहिणीच्या सासरी जेवायला गेल्यासारखं वाटतं. भांडी वेगळी, फोडणी वेगळी, पण रीतीभाती ओळखीच्या. एका बाबतीत मात्र त्यांची रीत आपल्याहून निराळी आहे, आणि ती बाब आहे साध्या शिऱ्याची. ती मी मागाहून सांगणार आहे, कारण परत आल्यावरही ती माझ्या मनातून गेली नाही.

ओळखीचे शब्द

शाळेत मराठीच्या तासाला फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांची यादी मी मुलांकडून पाठ करून घेते. ती सगळी यादी मला इस्तंबूलच्या बाजारात पाट्यांवर भेटली. बाजार म्हणजे 'पाझार', दुकान म्हणजे 'दुक्क्यान', तवा तो 'तावा', बदाम 'बादेम', अंजीर 'इंजिर', पनीर 'पेयनिर', साखर 'शेकेर', सरबत 'शेर्बेत', पुलाव 'पिलाव', आणि हलवा अर्थातच 'हेल्वा'. बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात दरबारी फारसी आपल्या मराठीत मुरली. तिकडे ऑटोमन सुलतानांच्या दरबारातही फारसी आणि अरबीची तशीच चलती होती. एकाच विहिरीचं पाणी दोन घरी गेलं म्हणा ना!

नात्यांचीही अशीच गंमत. इंग्रजीत सगळ्या आत्या-मावश्या एकाच शब्दात कोंबलेल्या. तुर्की भाषेत मात्र मावशी वेगळी ('तेयझे') आणि आत्या वेगळी ('हाला'), काका वेगळा आणि मामा वेगळा. भाजीवाली, शेजारीण, गाडीतली अनोळखी वयस्क बाई, सगळ्या 'तेयझे'. म्हणजे आपण म्हणतो तशाच सगळ्या 'मावशी'! जरा तरुण असेल तर 'आब्ला', म्हणजे ताई. हे दोन शब्द तेवढे पाठ करा, निम्मी कामं होतात.

शाकाहारी बाईनं काय खावं?

आधी पोटाची काळजी मिटवू. 'एत' म्हणजे मांस आणि 'एत्सिझ' म्हणजे बिनमांसाचं. हा शब्द कागदावर लिहूनच ठेवा. 'एत सुयु' म्हणजे मांसाचं पाणी आणि 'तावुक सुयु' म्हणजे कोंबडीचं. हे विचारणं महत्त्वाचं, कारण साधा दिसणारा भात आणि मसुरीच्या डाळीचं सूप कधी कधी त्या पाण्यात शिजवलेलं असतं.

पण शाकाहारी पदार्थ भरपूर. ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार वाढायच्या भाज्यांचा तिथे एक वेगळा वर्गच आहे: फरसबी, कांद्याची पात असते तशी लीकची भाजी, आर्टिचोक. भरल्या वांग्याचा त्यांचा अवतार म्हणजे 'इमाम बायिल्दी'. कांदा, टोमॅटो, लसूण भरलेलं मऊसूत वांगं. नावाचा अर्थ 'इमाम मूर्च्छित पडला', कुणी म्हणतात चवीनं, कुणी म्हणतात तेलाचा खर्च ऐकून! द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून करतात, त्या बिनमांसाच्या प्रकाराला 'यालांजी' म्हणजे 'खोटारडी' डोलमा म्हणतात. खरी मांसाची, ही खोटी, असा हिशेब.

रस्त्यात पोटऱ्या टेकून बसलेल्या बाया लांब बारीक लाटण्यानं पोळी लाटताना दिसतील. ते लाटणं इतकं बारीक की आपल्याला वाटावं काठीच आहे. पोळीत पालक किंवा चीज भरून ती मोठ्या तव्यावर भाजतात. तिचं नाव 'ग्योझलेमे'. ही पातळ पोळी लाटण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा २०१६ साली युनेस्कोनं तुर्कस्तान, इराण आणि आणखी काही देशांचा सामायिक वारसा म्हणून नोंदवली आहे. लाटणं-पोळपाटाच्या कामाला असा मान मिळालेला वाचून मला तरी बरं वाटलं.

सोबत ताक मागा, 'आयरान' म्हणून. दही घालून काकडीची कोशिंबीरही मिळते, तिचं नाव 'जाजिक'. सकाळच्या न्याहारीला म्हशीच्या दुधाची जाड साय मधाबरोबर देतात. ती एकदा खाल्लीत की उपाहारगृहातल्या टोस्टकडे बघवणार नाही.

गोड खाऊ, गोड बोलू

आता गोडाकडे वळू. तुर्की भाषेत एक म्हण आहे: 'तात्ली यियेलिम, तात्ली कोनुशालिम.' अर्थ काय असेल? 'गोड खाऊ या, गोड बोलू या.' वाचताक्षणी तुम्हाला संक्रांत आठवली असेल! मुलीला मागणी घालायला येणारी मंडळी मिठाई घेऊन येतात, तेव्हा ही म्हण हमखास म्हटली जाते. मुलगी सगळ्यांना कॉफी करून देते, आणि नवऱ्या मुलाच्या कपात गमतीनं मीठ घालते. हूं की चूं न करता प्यायला तर पोरगा चांगला! आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ही सोय नाही, हे त्यातलं उणं.

रमझान संपल्यावरच्या तीन दिवसांच्या सणाला तिथे 'शेकेर बायरामी', म्हणजे साखरेचा सण, असंही म्हणतात. नवे कपडे घातलेली मुलं घरोघरी जातात, वडीलधाऱ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात आणि खिसे भरून गोळ्या-मिठाई घेऊन परततात. तिळगूळ गोळा करत हिंडणारी आपली मुलं डोळ्यांसमोर आली की नाही?

या मिठाईत मानाची वडी म्हणजे 'लोकुम'. गुलाबी, पांढरी, पिस्ते घातलेली, पिठीसाखरेत घोळलेली. कास्तामोनूहून आलेल्या हाजी बेकीर नावाच्या हलवायानं १७७७ साली इस्तंबूलच्या बाह्चेकापी भागात दुकान घातलं, त्या घराण्याचं नाव लोकुमशी कायमचं जोडलं गेलं. शाकाहारी मैत्रिणींसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की अस्सल लोकुममध्ये जिलेटिन नसतं. साखर आणि मक्याचं सत्त्व बराच वेळ आटवून ती वडी थापतात. वेष्टनावरचा मजकूर मात्र वाचून घ्यावा.

चाळीस पदर

'बकलावा' तर आता आपल्या शहरांतही मिळतो. पण तो बनतो कसा हे कळल्यावर आपल्या चिरोट्यांचीच आठवण येते. चिरोट्याला आपण साटा लावून पदर सुटे करतो. बकलाव्यात कागदाहून पातळ लाटलेल्या साधारण चाळीस पोळ्या तूप लावत एकावर एक रचतात. मध्ये पिस्ते किंवा अक्रोड. मग कापून, भाजून, वर पाक. तूप कोणतं? तर कढवलेलं, म्हणजे आपलं साजूकच. तेही मेंढी-शेळीच्या दुधाचं. या कलेची राजधानी म्हणजे दक्षिणेकडचं गाझियांतेप शहर. तिथले कारागीर मध्ये दूध-रव्याची पातळ सायही घालतात. २०१३ साली या शहराच्या बकलाव्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. तो मान मिळवणारा तुर्कस्तानातला तो पहिला पदार्थ.

सुलतानांच्या काळात रमझानच्या मध्यावर राजवाड्यातून सैनिकांना बकलाव्याची ताटं जात. दहा सैनिकांमागे एक ताट, आणि दोघांनी खांद्यावर घेऊन काढलेली मिरवणूक. १८२६ साली ते जानिसारी सैन्यच बरखास्त झालं आणि मिरवणूकही थांबली. तोपकापी राजवाड्याची अजस्र स्वयंपाकघरं मात्र अजून बघायला मिळतात. तिथे मिठायांसाठी निराळा विभाग होता, त्याचं नाव 'हेल्वाहाने'. हिरे-माणकांच्या दालनापेक्षा मी तिथेच जास्त वेळ रेंगाळले.

गाझियांतेप आणि त्याच्या आसपासच्या या मुलखाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे मोठे भूकंप झाले. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. गरम चीजवर शेवयांचा कुरकुरीत थर असलेल्या 'क्युनेफे'साठी नावाजलेलं अंताक्या हे जुनं शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं. दाट, चिवट आइस्क्रीमसाठी प्रसिद्ध असलेल्या मराश शहराचीही फार हानी झाली. मिठाईच्या ताटामागे अशी घरंही असतात.

दुधाचे प्रकार, आणि एक सूचना

तांदळाची खीर मातीच्या वाडग्यात घालून भट्टीत वरून खरपूस भाजली की ती झाली 'सूतलाच'. आपल्या घरी सहज जमेल. रमझानात 'ग्युलाच' करतात. मक्याच्या सत्त्वाचे पापडासारखे पातळ पापुद्रे गुलाबपाणी घातलेल्या दुधात भिजवायचे, मध्ये अक्रोड पसरायचे आणि वर डाळिंबाचे दाणे. उपासाच्या दिवसानंतर पोटाला हलकं. लाल भोपळ्याच्या फोडी साखरेत शिजवून वर अक्रोड आणि तिळाचं वाटण घालतात, तेही फार छान लागतं.

सूचना एवढीच की 'तावुक ग्योसू' नावाची पांढरीशुभ्र खीर मागवू नका. तीत कोंबडीच्या मांसाचे धागे असतात, आणि चवीवरून ते मुळीच कळत नाही! 'काझानदिबी' ही तिचीच खालून करपवलेली बहीण. हल्ली ती बिनकोंबडीची करतात, तरी विचारून घ्यावं.

अशुरे

मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या सुमाराला तुर्की घरांत मोठमोठी पातेली चढतात. गहू, काबुली चणे, पांढऱ्या घेवड्याच्या बिया, जर्दाळू, अंजीर, मनुका, सगळं एकत्र शिजवून खीर करतात. वरून अक्रोड, दालचिनी, डाळिंब. किमान दहा जिन्नस हवेत, कारण 'अशुरे' हे नावच अरबी भाषेतल्या 'दहा' या शब्दावरून आलं. महाप्रलय ओसरल्यावर नोहाच्या नावेत उरलंसुरलं धान्य एकत्र शिजवलं, तीच ही खीर, अशी कथा सांगतात. अलेवी पंथाचे लोक करबलाच्या शहिदांसाठी बारा दिवस उपास करून मग ती रांधतात. अर्मेनियन ख्रिस्ती कुटुंबांतही नाताळच्या दिवसांत तिच्यासारखीच गव्हाची खीर असते. कोल्हापूर-सोलापूरकडच्या बायकांना तर आपली गव्हाची खीर, हुग्गी, लगेच आठवेल.

ही खीर फक्त घरच्यांपुरती कधीच करत नाहीत. वाडगे भरून शेजारीपाजारी पाठवायची, आणि शेजाऱ्यांनी ते वाडगं रिकामं परत करायचं नाही. आता हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?

आणि आता शिरा

इस्तंबूलच्या आशियाकडच्या बाजूला, उस्कुदारमध्ये, एका कुटुंबानं चालवलेल्या छोट्या लॉजमध्ये आम्ही उतरलो होतो. एका संध्याकाळी जिन्यात तुपावर रवा भाजल्याचा वास दरवळला. सत्यनारायणाच्या दिवशी घरात येतो तसाच. थोड्या वेळानं समोरच्या घरातली मुलगी तबकात बशा घेऊन आली. आमच्या मालकीणबाईंनी उभं राहून बशी घेतली, हळू आवाजात काहीतरी म्हटलं, आणि एक चमचा खाऊन मगच दार लोटलं. मग फोनवरच्या भाषांतराच्या मदतीनं त्यांनी मला सांगितलं: समोरच्या घरची आजी वारली, त्याला आज चाळीस दिवस झाले.

रव्याचा हा शिरा, 'इर्मिक हेल्वा', तिथे माणूस गेल्यावर करतात. कुणाकडे त्याच दिवशी, कुणाकडे सातव्या किंवा चाळिसाव्या दिवशी. रवा मंद आचेवर बराच वेळ परतावा लागतो, म्हणून जमलेली माणसं आळीपाळीनं कालथा हातात घेतात आणि परतता परतता गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणतात. भाजल्याचा वास गेलेल्या जीवाला पोचतो, अशी श्रद्धा आहे. इझमीर शहरात त्याऐवजी पाकातल्या तळलेल्या गोळ्या, 'लोकमा', भर रस्त्यात काढतात. येणारा-जाणारा कुणीही रांगेत उभा राहून घेतो आणि मृताला दुवा देतो. असं नाही की हेल्वा फक्त दुःखाचाच. मूल झालं, मुलगा सैन्यात निघाला, नवं घर घेतलं, तरी तो होतोच. सुखाला आणि दुःखाला पदार्थ एकच!

मालकीणबाई बशी धुऊ लागल्या तेव्हा मी बॅगेतल्या तिळाच्या वड्या काढून दिल्या. त्यांनी त्या बशीत नीट मांडल्या आणि मला बरोबर घेऊनच समोर गेल्या. त्या घरात कुणी मोठ्यानं रडत नव्हतं, कुणी गप्पही नव्हतं. सगळे आजीबद्दलच बोलत होते.

मला आमचं घर आठवलं. आपल्याकडे सुतकात गोड नाही, फोडणी नाही. पिठलं-भात शेजारून येतो, आणि ती रीत फार मायेची आहे. तेराव्याला गोडाचं जेवण झालं की मात्र माणसं पांगतात. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा चौदाव्या दिवसापासून घर एकदम सुनं झालं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून येणारं-जाणारं कुणी त्यांचं नावही काढीना. केळं घातलेला त्यांचा शिरा सगळ्या इमारतीत प्रसिद्ध होता. पण त्या गेल्यावर वर्षभर आमच्या घरी शिरा झाला नाही. कुणी मनाई केली नव्हती, फक्त कालथा हातात घ्यायचा धीर होत नव्हता.

या वर्षी त्यांच्या तिथीला मी शिरा केला. परतताना मुलीच्या हातात कालथा दिला, मग ह्यांच्या. वाट्या भरून मजल्यावरच्या चारही घरी पाठवल्या, आणि कशासाठी तेही सांगितलं. वाट्या परत आल्या तेव्हा प्रत्येकीबरोबर एकेक गोष्ट आली. एकीला त्यांनी कैरीचं लोणचं घालायला शिकवलं होतं. एकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते. मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

आपल्या रीती मोडा असं मी म्हणत नाही. ज्या घरी जे पाळतात ते पाळावंच. पण महिना-दीड महिन्यानं, सगळे पांगल्यावर, त्या घरी गेलेल्या माणसाच्या आवडीचा एखादा पदार्थ घेऊन जाणं आणि त्याचं नाव काढणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. त्याला तुर्कस्तानला जायला नको.

कृती: इर्मिक हेल्वा

साहित्य: १ वाटी जाडा रवा, अर्धी वाटी लोणी किंवा तूप, १ वाटी साखर (कमी गोड आवडत असेल तर पाऊण), १ वाटी दूध, १ वाटी पाणी, २ चमचे चिलगोजे, वरून दालचिनीची पूड. चिलगोजे फार महाग, त्याऐवजी बदामाचे काप चालतील.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवून रवा आणि चिलगोजे एकदमच घाला. आच मंद. आपण रवा गुलाबी होईपर्यंत भाजतो. इथे तो छान बदामी व्हायला हवा, वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. हात थांबवू नका. बदामाचे काप घेतलेत तर ते रवा अर्धा भाजल्यावर घाला, म्हणजे करपणार नाहीत. दुसरीकडे दूध, पाणी आणि साखर गरम करून साखर विरघळवून घ्या. ते रव्यावर बेतानं ओता, फार उसळतं, मुलांना दूर ठेवा. ढवळून झाकण ठेवा. ओल जिरली की गॅस बंद करून झाकणाखाली स्वच्छ फडकं घाला, म्हणजे वाफेचं पाणी आत पडत नाही. पंधरा मिनिटांनी काट्यानं मोकळा करा. वेलची, केशर काही नको, फक्त दालचिनी. शिरा गिच्च न होता दाणेदार, सुटा होतो.

येताना काय आणाल?

लोकुम हवाबंद डब्यातला घ्या. बकलाव्यात कमी पाकाचा 'कुरू', म्हणजे सुका प्रकार असतो. तो जास्त दिवस टिकतो. आंबटसर सुमाक आणि भरड लाल मिरची घ्यायला हरकत नाही. 'सालेप' मात्र घेऊ नका. ती रानटी ऑर्किडच्या कंदांची पूड असते. एका किलोला हजारांहून अधिक कंद लागतात. झाडं संपत चालली म्हणून अस्सल सालेप देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

आणि एक वाक्य शिकून जा, त्याला वजन नाही. जेवण झाल्यावर करणारीला तिथे 'एलिनिझे साअलिक' म्हणतात, म्हणजे 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो'. जेवणाऱ्या प्रत्येकानं, घरच्यांनीसुद्धा, रोज म्हणायची रीत आहे. आमच्या घरी मी ते मुलांना मराठीत म्हणायला लावलं आहे. धाकटा अजून हसत हसत म्हणतो, पण म्हणतो!